वस्तऱ्याची हजामत

घरात गंजलेला वस्तरा निघाला की घरातलं माणूस न् माणूस धातुशास्त्रज्ञ होतं. आमच्या सांगलीच्या घरात तो आजोबांच्या ट्रंकेत निघाला. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५!), तेव्हा ही ट्रंकही पाण्यात होती. कागदांचा लगदा झाला, कोट कुजले, वस्तरा तेवढा लालबुंद होऊन टिकला. पात्याच्या मुळाशी 'सोलिंगेन' एवढं वाचता येत होतं. जर्मनीतलं हे गाव सुऱ्या-वस्तऱ्यांसाठीच ओळखलं जातं, हे कळल्यावर घरात त्याची किंमत एकदम वाढली आणि सल्ल्यांची आवकही.

आईनं चिंच काढली. तांब्याच्या घंगाळाला चालते ती वस्तऱ्याला का चालू नये? आता हे पडलं कार्बनचं पोलाद. आंबट लागलं की गंजाबरोबर पोलादही खाल्लं जातं. हे माझं व्याख्यान संपेपर्यंत पातं चिंचेत न्हाऊन काळंनिळं होऊन बाहेर आलं होतं.

"अहो, पण लाल तर राहिलं नाही ना?" बायको म्हणाली. तिचा स्वभाव मुळातच समाधानी.

शेजारचे काका थेट ग्राइंडरच घेऊन आले. चाकावर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही, असं मी सांगितल्यावर काकांचंही पाणी जरा उतरलं.

शेवटी मारुती रोडला हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"सहाशेपासून दोन हजार नंबरपर्यंत पॉलिश पेपर द्या."

"गाडीला का फर्निचरला?"

"दाढीला."

दुकानदारानं पेपर दिले, पण सुटे पैसे लांबूनच ठेवले.

ते काम मात्र बघण्यासारखं असतं. पातं फळीवर आडवं ठेवायचं, पेपर पाण्यात भिजवायचा आणि पाठीकडून धारेकडे घासत न्यायचा. उलटा नेला की आधी पेपर कापला जातो, मग पेपराखालचं बोट. लाल गंज भराभर सुटतो. काळे डाग चिवट, पण निरुपद्रवी. खरी धास्ती खड्ड्यांची. गंजानं धारेवरच खड्डा पाडला असेल तर तिथं पातं कापायचंच विसरतं. आमचे खड्डे सुदैवानं पाठीकडे होते. (सांगलीत खड्डे बाजूला असण्याची ही पहिलीच वेळ.) पॉलिश लावून चोळल्यावर पात्यात माझा चेहरा दिसला. दाढी वाढलेला! या नादात खरी दाढी राहूनच गेली होती.

मनगटावरच्या केसांवर पातं फिरवून बघितलं. केस जागचा हलला नाही. चकचकीत उलथनं तेवढं घरात वाढलं होतं.

"धारेला शिकलगार गाठ, मिरजेत मिळंल," मित्रानं सांगितलं. मिरजेचे फरीदसाहेब मूळचे शिकलगारच. पण हत्यारं सोडून ते सतारी करायला लागले, तेही एकोणिसाव्या शतकात! मी दीडशे वर्षं उशिरा पोचत होतो.

मग गावभागातल्या आमच्या नेहमीच्या न्हावीमामांकडे गेलो. हल्ली तेही अर्ध्या ब्लेडवर काम भागवतात. पण वस्तरा बघून त्यांनी कपाटामागून जुनी धोकटी काढली; तिच्या तळाशी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आणि चामड्याचा पट्टा.

"चमकवलाय झकास. लग्नात आहेर द्यायचाय का?"

"धार लावायचीय, मामा."

"मग हात मागं घ्या. निसण्यावर पाठ आन् धार दोन्ही टेकली पायजे. दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं. हितं चुकला की पट्टा गेला."

बराच वेळ नुसता सर्र-सर्र आवाज चालला होता. मग मामांनी आपल्याच मनगटावरून पातं अलगद फिरवलं. केस उडाले. मी घाईघाईनं हात पुढं केला. त्यांनी वस्तरा पुसला, शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवलं, मिटला आणि माझ्या हातात ठेवला.

"वापरून झाला की कोरडा करून तेल लावत जावा."

"लावतो की."

"आन् दाढीला हितंच येत जावा."