कमरेवरचा हात गेला आणि बास्केटबॉल बदललं

काल परत ग्रुपवर तोच वाद, की आताचं एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, म्हणजे नुसते थ्री (लांबच्या लाइनबाहेरून तीन पॉइंटचे शॉट) टाकत बसायचं, डिफेन्स कोणी करतच नाही, खरं बास्केटबॉल जॉर्डनच्या वेळचं. मला नाही पटत हे. पोरं आळशी नाही झालीयेत, डिफेन्सवाल्याचा हात काढून घेतलाय नियमाने.

मी कॉलेजला डिफेन्सच करायचो. सरांनी पहिलं शिकवलं ते हेच, की समोरच्याच्या कमरेवर पंजा टेकव. एकदा तिथे हात लागला ना की तो डावीकडे निघणार का उजवीकडे हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं, आणि जरासा दाब दिला की त्याची पहिली स्टेपच अडते. हाच तो हँडचेक. नियमात आधीपासून बंदी होती पण रेफरी बरंच चालवून घ्यायचे. 2004 ची फायनल आठवा, डेट्रॉइट पिस्टन्स टीमने तिसऱ्या मॅचला लेकर्सना 68 पॉइंट्सवर रोखलं, त्यांच्याकडे शॅक आणि कोबीसारखे स्टार असताना! पुढच्याच सीझनपासून रेफरी कडक झाले, हात लागला की शिट्टी, आणि स्टीव्ह नॅशसारखा किरकोळ अंगाचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, लागोपाठ दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

थ्रीची लाइन तर 1979 पासूनच होती, पण पहिल्या सीझनला एक टीम मॅचमागे तीनसुद्धा थ्री टाकत नव्हती, आता पस्तीसच्या आसपास टाकतात. स्टेफ करीने 2015-16 च्या सीझनला 402 थ्री मारले ते काय फुकट मिळाले का, तो बॉल दुसऱ्याला दिल्यावर जेवढा पळतो तेवढं पळून दाखवा आधी.

आणि जुनं सगळंच चांगलं नव्हतं हो. 1984 च्या फायनलला बोस्टनच्या मॅकहेलने हवेत असलेल्या लेकर्सच्या रॅम्बिसला गळ्याला हात घालून खाली आपटला आणि तरी मॅचमध्ये राहिला. त्याला टफ म्हणायचं? माणसाची मान गेली असती.

माझी तक्रार वेगळीय. 2021 ला शूटरने मुद्दाम आडवी उडी मारून डिफेन्डरवर आदळायचं आणि फाउल मागायचा हे बंद केलं, फार बरं केलं. पण सीझनभर जी शिट्टी वाजते ती प्लेऑफ्सला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, अचानक गप्प होते, तोच धक्का, तोच हात, आणि खेळाडू रेफरीकडे बघत राहतो. मग सहा महिने त्याने सवय कशाची करायची? कडक राहा नाहीतर सैल सोडा, पण ऑक्टोबरला जो फाउल तो जूनला पण फाउलच द्या ना.