राऊटर शोकेसमध्येच ठेवा

घरचं इंटरनेट संथ चालावं अशी मनापासून इच्छा असेल, तर सगळा भार कंपनीवर टाकू नका. शंभर एमबीपीएस वेगाची लाइन चारवर आणायला घरच्यांनीही हातभार लावावा लागतो. सातारा मुळात पेन्शनरांचं गाव. इथे घाईत असलेल्या माणसाकडे लोक संशयानेच बघतात. तेव्हा परंपरा तुमच्या बाजूने आहे.

आधी जागा ठरवा. राऊटर दिसायला ओंगळ, त्याला शिंगं फुटलेली. पाहुण्यांच्या नजरेस तो पडू नये. टीव्हीमागे, शोकेसच्या तळकप्प्यात, पितळी समयांच्या आड त्याला कोंबा. शेजारी माशांची टाकी असेल तर उत्तमच, पाणी वायफायच्या लहरी आवडीने पिऊन टाकतं. शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना तर एवढीही खटपट नको. हातभर जाडीच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्‌झचं वेगवान वायफाय माजघरातच बसकण मारतं. २.४ गिगाहर्ट्‌झचं जरा चिवट, लांबवर जातं. पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्हची वर्दळ. म्हणून मुलाची ऑनलाइन मुलाखत रंगात आली की कालची आमटी गरम करायला घ्या.

एवढं करूनही व्हिडिओ न अडकता चालला, तर प्लॅन वाढवा. हा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात पैसेही जातात. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा आणि सहा वर्षांपूर्वी फुकट मिळालेला राऊटर तसाच ठेवायचा. अशा स्वस्त राऊटरांना केबल जोडायचं पोर्ट बऱ्याचदा शंभरचंच असतं आणि वायफाय फक्त २.४ चं. म्हणजे उरलेले दोनशे दारापर्यंत येतात, चप्पल काढतात आणि परत जातात. बिल मात्र तीनशेचं येतं. कोणी विचारलंच, तर ‘आमच्याकडे तीनशेचा आहे’ असं पोवई नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं.

आकड्यांच्या फार खोलात शिरू नका. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि आठ बिट मिळून एक बाइट. तेव्हा फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले, तरी लाइन पूर्ण वेगात आहे. हे समजलं तर भांडणातली निम्मी हवा जाते. उलट सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, हे घरात सर्वांना सांगून ठेवा. म्हणजे तुमच्या चार एमबीपीएसला सरकारी हिशेबाने दुप्पट प्रतिष्ठा आहे.

स्पीड टेस्ट जरूर करा, पण शास्त्रोक्त. फोन राऊटरला टेकवून करायची. सर्व्हर शक्यतो कंपनीचा स्वतःचाच निवडायचा. आकडा भरघोस येतो. त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा आणि मग आतल्या खोलीत जाऊन सिरीयलचं गोल फिरणारं चक्र बघत बसावं. लॅपटॉपला केबल जोडून मोजण्याचा अघोरी प्रकार मात्र चुकूनही करू नका. केबलवर वेग नीट आणि वायफायवर मंद, असं निघालं तर दोष घरातला ठरतो. केबलवरही मंद निघाला तर कंपनीचा. एकदा हे उघड झालं की संध्याकाळी बोलायचं कशावर?

फायबरच्या तारेचं वेगळं कौतुक. आत काच असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. तार करकचून वळवली की प्रकाश वाटेत गळतो. त्यामुळे उरलेली तार घट्ट गुंडाळून खिळ्याला बांधावी आणि वर पडद्याचा रॉड ठोकावा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा मिचकू लागला, तर प्रकाश पोचणंच बंद झालंय असं समजावं आणि दिवाळी लवकर आली म्हणून आनंद मानावा. पावसाळ्यात कुठेतरी जेसीबी उतरला की हा आनंद सगळ्या गल्लीला मिळतो.

राहता राहिली तक्रार. फोनवरची बाई राऊटर बंद करून चालू करायला सांगेल. करा; त्याने खरंच कधीकधी चालतं, आणि त्याचं श्रेय तिलाच द्या. कंपनीकडे तक्रारीवर अपील करायची सोय असते, तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. लेखी अर्ज, तारीख, तक्रार क्रमांक असल्या गोष्टींनी शेजारधर्म बिघडतो, कारण लाइन बघायला येणारा मुलगा बहुधा तुमच्याच ओळखीतला निघतो. तो चहा घेतो, डब्याकडे बघतो, आकाशाकडे बोट करतो आणि म्हणतो, ‘काका, वरूनच प्रॉब्लेम आहे.’ वर अजिंक्यतारा आहे. तुम्ही मान डोलवा.

जाताना तो दारात थांबेल. ‘काका, तक्रार मिटली म्हणून तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा ना.’ सांगून टाका. तो मेसेज मात्र एका सेकंदात येतो.