10 गॅलनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याविषयी आलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील आमच्या दुकानाविषयी आपण मराठीत सविस्तर अभिप्राय लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी: घरी 5 गॅलन बीअर करण्यासाठी परवडणारे भांडे मागितले असता आम्ही 10 गॅलनचे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे आपल्या गळ्यात मारले, त्याला तोटी नाही, ते आतून काळे पडले आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर त्यात उकळी येत नाही.

माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) तयार अर्क न वापरता थेट माल्टपासून बीअर करायची आहे, असे आपण खरेदीच्या वेळी सांगितले होते. अर्क वापरणाऱ्याला मी 5 गॅलनचेच भांडे सुचवतो, कारण तो थोडे वर्ट, म्हणजे ज्याची पुढे बीअर होते ते माल्टचे गोड पाणी, उकळून नंतर त्यात साधे पाणी घालू शकतो. माल्टपासून मात्र 5 गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर, बीअर हाती यायची तर साडेसहा ते सात गॅलन वर्ट उकळायला घ्यावे लागते. तासाभराच्या उकळीत साधारण एक गॅलन वाफ होऊन जाते आणि तळाशी हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) व प्रथिनांचा गाळ उरतो तो वेगळाच. शिवाय पहिली उकळी फुटताना प्रथिनांचा फेस दूध उतू जावे तसा बघता बघता काठावर येतो. 8 गॅलनच्या भांड्यात हे काम होते, पण शेगडीसमोरून हलता येत नाही. म्हणूनच पैसे मोजके असतील तर ते आधी मापावर घालावेत, मग धातूवर, आणि तोटी व थर्मामीटर शेवटी पाहावेत, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि आपल्यालाही तेच सांगितले. याच मापाचे तिहेरी तळाचे स्टेनलेस स्टीलचे भांडे आमच्याकडे दुपटीहून महाग आहे. पातळ तळाचे स्वस्त स्टील घेतले तर ज्योतीच्या बरोबर वर वर्ट करपण्याची भीती असते. अ‍ॅल्युमिनियममध्ये उष्णता चटकन आणि सारखी पसरते.

काळेपणाविषयी आपल्याला वाटणारी काळजी मी समजू शकतो, कारण प्रश्न पोटात जाणाऱ्या वस्तूचा आहे. नव्या भांड्यात नुसते पाणी अर्धा तास उकळले की आतला चकचकीतपणा जाऊन करडा थर दिसू लागतो. तो ऑक्साइडचा थर धातूचे रक्षण करतो, तेव्हा तो तारेच्या घासणीने काढू नये. आपण पाठवलेल्या छायाचित्रातला गडद काळा पट्टा मात्र ऑक्सिजनवाल्या धुण्याच्या पावडरीत भांडे रात्रभर भिजवल्याने आलेला आहे. अशा पावडरीतले सोडियम परकार्बोनेट किंवा कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. साधा भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज पुरेसा आहे. एकदा पुन्हा पाणी उकळून, ते ओतून देऊन हे भांडे वापरण्यास हरकत नाही.

उकळीची अडचण खरी आहे, कारण घरगुती शेगडीच्या एका बर्नरला सात गॅलन द्रव जड जातो. भांडे दोन बर्नरवर मिळून ठेवावे आणि उकळी येईपर्यंत झाकण ठेवावे. उकळी फुटली की झाकण काढावेच, कारण फिकट माल्टमधून निघणारा उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर बाहेर जायला हवा. तरीही जमले नाही, तर वर्ट दोन भांड्यांत वाटून उकळावे. प्रोपेनचा बर्नर घेणार असाल तर तो उघड्यावरच लावा. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, लावू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

हे सगळे वाचूनही आपल्याला स्टीलच हवे असेल, तर वापरलेले असले तरी हे भांडे आम्ही पूर्ण किमतीला परत घेऊ. फक्त वरचा फरक द्यावा लागेल. हेच ठेवायचे ठरवलेत, तर दुकानात घेऊन या. भोक पाडून, सिलिकॉनची रिंग घालून तोटी बसवून देऊ आणि पाणी भरून गळत नाही हे आपल्यासमोर तपासू. पैसे फक्त तोटीचे घेऊ. येताना शक्य असल्यास शेगडीच्या दोन बर्नरमधले अंतर मोजून आणावे, म्हणजे तोटी कोणत्या बाजूला असावी हे ठरवता येईल.