रेक्स बिगोनिया लाल मातीत ठासून विकणाऱ्यांनो

काल संध्याकाळी रेक्स बिगोनियाची, म्हणजे रंगीत पानांसाठी घरात ठेवतात त्या रोपाची, कुंडी उलटी केली आणि हातात जे आले ते पाहून अंगाचा तिळपापड झाला. वर दोन बोटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), स्वच्छ आणि भुसभुशीत, विकत घेताना बोट खुपसून पाहणाऱ्याचे समाधान होईल इतकेच. त्याखाली लाल मातीचा चिकट, घट्ट गोळा आणि त्या गोळ्याभोवती काळ्या पिशवीची फाटकी पट्टी तशीच गुंडाळलेली. बारीक मुळे पिशवीच्या आतल्या बाजूने काळी पडली होती आणि बोट लावताच त्यांचे आवरण निसटून आतला धागा तेवढा चिमटीत राहत होता. रेक्सचे गाठाळ खोड मातीच्या पृष्ठभागावरून सरपटत वाढते, ते उघडेच राहायला हवे; इथे ते चक्क पुरलेले होते. दाबल्यावर त्यातून पाणी सुटले आणि कुजका वास आला.

तो गोळा कागदात गुंडाळून आज सकाळी नर्सरीत नेला. काउंटरवरच्या माणसाने त्याच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "मॅडम, रोज पाणी घातलं नसेल," हे पहिले उत्तर. माती अजून ओली आहे, हात लावून बघा, असे सांगितल्यावर दुसरे उत्तर तयारच होते, "मग जास्त घातलं असेल." आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता तिसरे, "तुम्ही मनी प्लांट न्या, ते मरत नाही." विकताना याच माणसाने रोज पाणी घाला म्हणून बजावले होते. एका दमात दोन विरुद्ध कारणे देणाऱ्याला रोप का मेले हे जाणून घ्यायचेच नसते. त्याला फक्त ते आपल्यामुळे मेले नाही एवढे वदवून घ्यायचे असते.

कारण त्या मातीतच आहे. वरचे कोकोपीट लवकर सुकते, म्हणून वरून पाहणाऱ्याला रोप तहानलेले वाटते आणि तो पाणी घालतो. खालचा गोळा मात्र आधीच्या पाण्याने भरलेलाच असतो, त्यात हवा शिरायला जागा नसते आणि मुळे गुदमरून कुजतात. तोच गोळा एकदा पूर्ण वाळला, की पाणी त्याच्या कडेने सरळ खालच्या भोकातून निघून जाते आणि आतली मुळे कोरडीच राहतात. कोकोपीटचा तो थर कुंडी सजवण्यासाठी टाकलेला असतो आणि रोप मारायला तेवढा पुरतो. लाल मातीचा गोळा टेम्पोत फुटत नाही, हे मलाही कळते. पण वाहतूक संपल्यावर, ते रोप दुकानात येऊन कुंडीत बसताना तरी तो सोडवायला नको का?

आणि वर किंमत सांगताना "इम्पोर्टेड आहे" म्हणायचे. या संकरित रेक्सचा मूळ पूर्वज आसामच्या बाजूचा. 1850 च्या दशकात तो तिकडून ऑर्किडांच्या मालासोबत इंग्लंडात पोहोचला आणि 1857 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. पुढचे संकर युरोपात झाले हे खरे, पण ओलसर जंगलात पालापाचोळ्यावर वाढणारी ही जात आपल्याच देशातली आहे. लांब कशाला, पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळावर बिगोनिया क्रेनाटा उगवतो, जेमतेम मातीच्या खाचेत, शेवाळाच्या आधाराने. एका पावसाळी भटकंतीत तो पाहिला असता, तरी या झाडाला चिखलात पुरायचे नसते हे कोणालाही कळले असते.

पानांवर तेलकट चकाकीचा फवारा मारण्याची तिथली सवय तर मला अजिबात सहन होत नाही. रेक्सच्या पानावरची चंदेरी झाक हा वरून चढवलेला रंग नसतो. पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो, म्हणून ती झाक दिसते. इतक्या सुंदर रचनेवर तेल ओतून काय साधते? उलट पानावर धूळ बसते आणि ती पुसताना लवदार पान फाटते. भुरी या बुरशीच्या रोगाचेही तेच. पानाला पान चिकटवून कुंड्या रचायच्या, वारा खेळू द्यायचा नाही, मग पांढरी भुकटी दिसली की एकाच फडक्याने सगळी पाने पुसत जायचे आणि रोग पुढच्या रांगेत पोहोचवायचा. हे मी त्या दुकानात उभी राहून पाहिले आहे.

त्यात भर सल्ल्यांची. केळीची साल पुरा, चहाचा चोथा टाका; मुळे कुजत असलेल्या रोपाला आणखी कुजणाऱ्या वस्तू खाऊ घालायच्या. आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनी "हे खरं आहे का?" म्हणत पानाला नखाने टोचून पाहणे आता खरोखर थांबवावे. तो ओरखडा पान गळेपर्यंत तसाच राहतो.

एक धड पान वाचले आहे. त्याच्या जाड शिरांवर उलट्या बाजूने छेद देऊन ते ओलसर परलाइटवर (माती भुसभुशीत ठेवणाऱ्या हलक्या पांढऱ्या दाण्यांवर) दाबून ठेवले आहे, कारण बिगोनियाला शिरेपासूनही नवे रोप फुटते. हे सांगणारा एकही विक्रेता मला आजवर भेटलेला नाही. नर्सरीवाल्यांकडे माझे मागणे साधे आहे: कुंडीत मूठभर परलाइट आणि पानांचे खत घाला, त्याचे पैसे किमतीत लावा, मी कुरकुर न करता देईन, पण ती काळी पिशवी काढा, खोड वर ठेवा आणि पाटीवर नुसते "इनडोअर" न लिहिता जातीचे नाव लिहा.