तटापलीकडच्या संगणकाला हात लावू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या संस्थेतील संगणक बाहेरगावाहून चालवावा अशी इच्छा आपल्या मनात उद्भवलीच, तर सर्वप्रथम ती विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह, दोन प्रतींत, संगणक विभागाकडे सादर करावी. फायरवॉल ही संस्थेच्या नेटवर्कची तटबंदी असून तिला दरवाजा मागणे म्हणजे किल्लेदाराच्या निष्ठेवर संशय घेणे होय, हे लक्षात ठेवून अर्जाची भाषा नम्र असावी.

‘कारण’ या रकान्यात खरे कारण लिहू नये.

रिमोट डेस्कटॉपसाठी (म्हणजे दुरून संगणकाचा पडदा चालवण्यासाठी) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे तटातली त्या कामाची खिडकी, बाहेरून उघडून द्या, अशी मागणी करू नये. (या सूचनेत उपरोध नाही. ते पोर्ट इंटरनेटवर उघडे दिसले की जगभरातून पासवर्डांची ठोठावणी सुरू होते. तेवढ्यापुरता किल्लेदार बरोबर आहे.)

बाहेरून आत जाता येत नसेल, तर आतून बाहेर यावे. फायरवॉल येणाऱ्याला अडवते, जाणाऱ्याची चौकशी सहसा करत नाही; त्यामुळे आतल्या संगणकाने भाड्याच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत एसएसएचचा (दोन संगणकांमधल्या कूटबद्ध जोडणीचा) उलटा बोगदा खणला, की त्याच बोगद्यातून आपल्याला आत शिरता येते. २२ क्रमांकाचे पोर्ट बंद असल्यास ४४३ वापरावे, कारण ते बंद केले तर साहेबांच्या वेबसाइटही उघडत नाहीत. सर्व्हरचे भाडे वाचवण्यासाठी बोगद्याचे दुसरे टोक घरच्या राउटरवर काढण्याचा विचार असेल, तर राउटरला मिळालेला आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला नाही ना, हे आधी पाहावे. तसा असल्यास आपण स्वतःही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक घरांत मिळून एकच बाहेरचा पत्ता), चाळीतल्या एका नळावर, हंडा घेऊन उभे आहोत असे समजावे. हे सगळे नियमांत बसते का? अजिबात नाही. म्हणून मी ते केले नाही, आणि त्याचे फळ मला मिळाले.

मागच्या शुक्रवारी चार दिवस चालणारी आकडेमोड कार्यालयातल्या संगणकावर लावून मी मावसबहिणीच्या लग्नासाठी साताऱ्याला गेलो. ती चालू आहे की बंद पडली, एवढेच रविवारी मला पाहायचे होते. तीन आठवड्यांपूर्वी दिलेल्या अर्जाला ‘धोरणात बसत नाही’ असे तीन शब्दांचे उत्तर आलेले असल्यामुळे मी चौकीवरच्या सुरक्षारक्षक मामांना फोन केला. मामांनी किल्ली घेऊन खोली उघडली, संगणकाने पासवर्ड मागितला, आणि मी पंगतीच्या कडेला उभा राहून, वाढप्यांच्या गोंगाटात, दर नव्वद दिवसांनी सक्तीने बदलावा लागणारा माझा बारा अक्षरी पासवर्ड ओरडून सांगू लागलो.

“शिफ्ट दाबून धरा आणि वरच्या रांगेतला दोन दाबा.”

“दाबला साहेब, पण नुसते ठिपकेच उमटतायत.”

तिसऱ्या खेपेला तो लागला. तोवर नवऱ्या मुलाच्या काकांनाही पाठ झाला असावा. पडद्यावर काय दिसते आहे, असे विचारल्यावर मामा म्हणाले, “डोंगराचं चित्र आहे साहेब. बाकी काही नाही.” शनिवारी रात्री अपडेट झाले होते आणि संगणक स्वतःहून पुन्हा सुरू झाला होता. ते अपडेट संगणक विभागानेच पाठवले होते. त्याला तटबंदीने अडवले नाही, अर्जही मागितला नाही.

पासवर्ड नेहमी मोठ्याने ओरडता येईल असा ठेवावा.

एनीडेस्क हे दुरून संगणक चालवू देणारे साधन टाकण्याचा मोह टाळावा. अशा साधनाचा वापर करून लोकांच्या खात्यांतले पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये बँकांना दिला होता, आणि आमच्या संगणक विभागाच्या परिपत्रकातही त्यावर बंदी आहे. आमचा प्रिंटर अडतो तेव्हा त्याच विभागातला मुलगा फोनवर म्हणतो, “सर, एनीडेस्क उघडा आणि नंबर सांगा.”

म्हणजे दुरून संगणक चालवणे धोक्याचे नाही, आम्ही चालवणे धोक्याचे! अहो संगणक विभागवाले, रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरून गेली, आणि आख्यायिका सांगते की महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती वाट हेरून तिथे बुरूज बांधला. तुमच्या नाकाखालून रोज संध्याकाळी निम्मी संस्था कडे उतरते आहे. कुणी बोगदा खणतो, कुणी गोपनीय फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवतो, कुणी माझ्यासारखा मामांना फोन लावतो, आणि यांतली एकही वाट तुमच्या नोंदवहीत नाही. याला सुरक्षा म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात. एक व्हीपीएन (इंटरनेटवरून संस्थेत येणारी सुरक्षित खासगी वाट), त्यावर ओटीपी, ज्याला त्याला फक्त आपापल्या संगणकापर्यंतची वाट आणि प्रत्येक प्रवेशाची नोंद, इतकेच हवे आहे. वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि २०२०पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. तेही नको असेल, तर तुम्ही विकत घेतलेल्या फायरवॉलमध्ये ही सोय आहे. नुसती चालू करायची आहे. ती करा.

मी उद्या पुन्हा अर्ज देणार आहे, आणि मामांना पाठ झालेला पासवर्ड आजच बदलला आहे.