पाऊस, निऑन आणि एक टफ बाई: कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला

तर तुम्हाला भविष्यातल्या अंधाऱ्या शहरात घडणारी डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायचीय, आणि तपास करणारी बाई असणारे, आणि ती टफ असणारे. उत्तम. सगळ्यात आधी पाऊस सुरू करा. शहर वाळवंटात असलं तरी चालेल, पण पहिल्या पानावर सुरू झालेला पाऊस शेवटच्या पानापर्यंत थांबता कामा नये, कारण रस्ता ओला नसेल तर निऑनचं रिफ्लेक्शन पडणार कशात? माणसं मंगळावर राहायला जातील, डोक्यात चिप बसवून घेतील, पण बारच्या पाटीवरचं एक अक्षर मात्र फडफडतच राहील, ते दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन काही मानवजातीला मिळणार नाही.

साल मात्र लांबचं घ्या. १९८२ च्या 'ब्लेड रनर' या सिनेमाने नोव्हेंबर २०१९ चं लॉस एंजेलिस दाखवलं, उडत्या गाड्या आणि हुबेहूब माणसासारखे रेप्लिकंट सगळं आहे आणि हिरो फोन लावतो तो बारमधल्या भिंतीवरच्या पब्लिक फोनवरून! (चित्र दिसतं त्यात, एवढी प्रगती.) २०१९ आलं आणि गेलं, लोकांनी खिशातल्या मोबाइलवर तोच सीन बघून हसून घेतलं. तुम्ही सरळ २१८७ लिहा, जाब विचारायला कोणी जिवंत नसेल.

आता नायिका. हे काम सोपं आहे. १९३० च्या आसपासचा एखादा अमेरिकन प्रायव्हेट डिटेक्टिव्ह घ्यायचा, त्याचा लांब कोट, सिगारेट, ड्रॉवरमधली बाटली, टोमणे मारायची सवय, सगळं तसंच ठेवायचं आणि 'तो' च्या जागी 'ती' करायचं. मराठीत जरा कष्ट पडतात कारण प्रत्येक क्रियापद बदलावं लागतं, पण एखाद्या ठिकाणी चुकून 'तो उठला' राहिलं तरी घाबरू नका, भविष्य आहे, खपून जाईल. टफ आहे हे कळावं म्हणून चाळिसाव्या पानावर तिच्या तीन बरगड्या मोडा आणि पंचेचाळिसाव्या पानावर तिला पाइप धरून अकरावा मजला चढवा. तिला नवरा असेल तर तो मेलेला असावा, मुलगी असेल तर तीही. पुरुष डिटेक्टिव्हला पोटापाण्यासाठी केस घेतलेली चालते हो, बाईने मात्र कोणाचा तरी सूडच घ्यायला हवा, त्याशिवाय ती घराबाहेर पडलीच कशी!

आणि मैत्रीण, शेजारी, आत्या वगैरे अजिबात नको. ज्या वर्षी तो सिनेमा आला त्याच १९८२ मध्ये सारा पॅरेट्स्की आणि स्यू ग्राफ्टन या दोन लेखिकांनी आपापल्या बाई-डिटेक्टिव्हच्या मालिका सुरू केल्या, आणि बघा काय घोळ घातला, एकीला डॉक्टर मैत्रीण दिली, दुसरीला प्रेमळ म्हातारा घरमालक. असल्याने वातावरणाचा पार विचका होतो.

खऱ्या इतिहासात तर डोकावूसुद्धा नका. १८५६ मध्ये केट वॉर्न नावाची बाई शिकागोला ॲलन पिंकर्टनच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी मागायला गेली आणि पिंकर्टनने पुढे लिहिलंय त्याप्रमाणे तिचं म्हणणं साधं होतं, पुरुषांना जिथे शिरता येत नाही तिथे बाई शिरते आणि लोक तिच्याशी बोलतात. १८६१ मध्ये लिंकनच्या जिवावर बेतणाऱ्या कटाची कुणकुण लागली तेव्हा ही बाल्टिमोरमध्ये दक्षिणेकडची श्रीमंत बाई बनून तिथल्या बायकांशी गप्पा मारत माहिती काढत होती आणि नंतर लिंकनला आजारी भाऊ म्हणून रात्रीच्या रेल्वेतून घेऊन गेली. आता सांगा, यात मारामारी कुठेय? एक बरगडी मोडलेली नाही. नुसतं ऐकून घेणं, लक्षात ठेवणं आणि वेळेवर खोटं बोलणं. तपास खरंच असा होतो हे वाचकाला एकदा कळलं की तुमच्या नायिकेने सतत बुक्क्या मारून कोणाकडून काय काढून घेतलं, असले प्रश्न सुरू होतील.

गुन्ह्याचं म्हणाल तर अडचण एकच आहे, तुमच्या शहरात चौकाचौकात कॅमेरे आणि प्रत्येकाच्या कवटीत रेकॉर्डर, मग खून लपणार कसा? नेमका त्या रात्री सर्व्हर बंद होता म्हणा. खरं तर इथेच सगळी गंमत आहे, म्हणजे सगळं दिसत असताना काय दिसत नाही, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, ते पुसायचा अधिकार कोणाला, पण यावर विचार करायचा तर डोकं चालवावं लागतं, सोडा. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आयझॅक असिमॉव्हला त्याचा संपादक कॅम्पबेल म्हणाला होता की विज्ञानकथा आणि डिटेक्टिव्ह कथा एकत्र जमत नाहीत, कारण डिटेक्टिव्ह शेवटी खिशातून कुठलंही यंत्र काढेल. तर या गृहस्थांनी १९५४ ला पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीत आपल्या जगाचे नियम आधी वाचकासमोर मांडले आणि मग त्यातूनच खुनी शोधून दाखवला. एवढी शिस्त आपल्याला परवडणारी नाही. तुम्ही यंत्रच काढा. शक्यतो शेवटून दुसऱ्या पानावर.

खुनी कोण हे ठरवायचीही गरज नाही, महाकाय कंपनीचा मालक असतो, सगळ्यात उंच इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि तो बंदूक रोखून आठ पानं स्वतःच सगळं समजावून सांगतो. मधल्या काळात दोन-तीन प्रेतं हिशोबाबाहेर राहिली आणि कोणी विचारलंच तर डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्या रेमंड चँडलरचं नाव पुढे करा, त्याच्या 'द बिग स्लीप' कादंबरीवरच्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना त्याला तार करून विचारलं होतं की अमुक माणसाचा खून झाला की आत्महत्या, आणि त्यालाही ते माहीत नव्हतं. त्याची वाक्यं इतकी जबरदस्त होती की वाचकाला ते प्रेत आठवतही नाही, हा भाग सांगू नका. आणि अगदीच अडलात तर नायिकाच अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, निघाली म्हणा, मग तीन बरगड्या आणि अकरा मजल्यांचा प्रश्नसुद्धा आपोआप मिटतो.