‘आमच्यावर कोण कशाला हल्ला करेल?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी विचारपूर्वक लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सायबर हल्ल्यांवरचा माझा लेख छोट्या व्यावसायिकांना उगाच घाबरवतो, पंधरा माणसांच्या ऑफिसच्या वाटेला कुठलाही हॅकर जात नाही, चांगला अँटिव्हायरस आणि रोजचा बॅकअप असला की पुरे, वेळ आलीच तर पैसे देऊन डेटा सोडवून घेता येतो. शिवाय मी सगळं खापर कर्मचाऱ्यांवर फोडतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ‘कर्मचारी हाच सर्वांत कमकुवत दुवा’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ज्याचं कामच दिवसभर अनोळखी लोकांनी पाठवलेली बिलं उघडण्याचं आहे, त्याने एक बिल उघडलं म्हणून त्याला दोषी कसं धरणार? ते वाक्य मी काढलं आहे. त्याच परिच्छेदातला ‘दर महिन्याला पासवर्ड बदला’ हा सल्लाही काढला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितलं होतं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात, आणि ते हल्लेखोरांनाही ठाऊक असतं.

बाकीचं मात्र मला मान्य नाही. ‘वाटेला जाणं’ म्हणजे कुणीतरी तुमचं नाव हेरून ठेवलंय असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक वेळा तसं काही नसतंच. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर व्हायरस, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पसरला तो दीडशेच्या आसपास देशांत. त्याने एकाही कंपनीची निवड केली नव्हती. विंडोजमधली एक त्रुटी जिथे उघडी सापडली, तिथे तो शिरला. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळपास दोन महिने हातात होते.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क ही जहाज कंपनी त्याचं लक्ष्य नव्हती, तरी तिला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मर्स्ककडे बॅकअप होते. पण ज्या सर्व्हरवर कोणाला कुठे प्रवेश आहे याची सगळी नोंद असते, ते डोमेन कंट्रोलर एकमेकांचीच प्रत ठेवत होते. एक गेला की दुसरा आहेच, असा हिशेब. सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला पुन्हा उभं राहायला आधार मिळाला तो या योगायोगाने वाचलेल्या प्रतीचा.

म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारतो: तुमचा बॅकअप नेमका आहे कुठे? ऑफिसच्याच नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल, तर रॅन्समवेअर तोही लॉक करतं. क्लाऊडवरचं फोल्डर नुसतं सिंक होत असेल, तर लॉक झालेल्या फाइली इमानेइतबारे तिथेही पोहोचतात. ‘कोड स्पेसेस’ नावाच्या कंपनीच्या क्लाऊड अकाउंटमध्ये 2014 साली हल्लेखोर शिरला. डेटाही तिथेच, बहुतेक बॅकअपही तिथेच. त्याने दोन्ही पुसले आणि कंपनी बंद पडली.

आता माझा अनुभव. एका छोट्या फर्मचा बॅकअप तपासायला बसलो होतो. स्क्रीनवर आठ महिने रोज हिरवी खूण. मी म्हटलं, कालची हिशेबाची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणून दाखवा. फोल्डर आलं. आत बिलांचे पीडीएफ होते, पत्रं होती; हिशेबाची मुख्य डेटा फाईलच नव्हती. लॉग, म्हणजे बॅकअपच्या कामाची नोंद, उघडला तर रोज रात्री तीच ओळ: फाईल वापरात आहे, वगळली. हिशेबाचं सॉफ्टवेअर रात्रीही चालूच ठेवलं जायचं. हिशेब सांभाळणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या ओळीकडे बघत राहिल्या. नशीब, तोवर हल्ला झालेला नव्हता.

पैसे देऊन सुटण्याबद्दल: 2021 मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने सुमारे 44 लाख डॉलर खंडणी दिली. डेटा सोडवायचं साधन मिळालं, पण ते इतकं संथ होतं की त्यांना स्वतःचे बॅकअप वापरावेच लागले. आणि हल्लेखोर शिरले होते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय) अकाउंटमधून. त्याला पासवर्ड होता, पण त्यानंतर ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती. तुमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्यांची अकाउंट अजून चालू आहेत का, तेवढं बघा.

अँटिव्हायरस हवाच. पण ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात पाठवा’ या ईमेलमध्ये व्हायरस नसतोच, मग तो पकडणार काय? मी पाहिलेल्या अशा एका ईमेलच्या पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी बसवली होती. चष्मा लावूनही फरक दिसत नव्हता. तिथे उपयोगी पडला तो फोन. ईमेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर केलेला.

‘एवढा वेळ कुणाकडे आहे’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत. सगळं एकदम करू नका. या आठवड्यात हिशेबाची एकच फाईल बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणा आणि उघडून बघा. किती वेळ लागला आणि काय दिसलं ते इथेच कळवा. उघडली नाही, तर लॉगमध्ये काय लिहिलंय तेही द्या, आपण मिळून बघू.